झाडांनी सोडलेली जागा

१

मी नर्सरीत गेलो की काहीतरी चुकीचं घेऊन येतो, असं माझी बायको मेरेआना म्हणते. तिचं म्हणणं खोटं नाही. जन्मभर मी सुतारकाम केलं. कापून वाळवलेलं लाकूड कसं वागेल ते मला हाताला कळतं. तेच लाकूड जिवंत असताना काय करील याचा मात्र मला कधी अंदाज आला नाही.

त्या शनिवारी मी वेंडीच्या नर्सरीत अगदी तयारीनं गेलो होतो. वेंडी शाळेत माझ्या वर्गातली, तेव्हापासून ती माझी टर उडवत आली आहे. मी तिला सगळं सांगितलं. परसाची उत्तरेची हद्द, तिच्या पलीकडे नवी उभी राहिलेली तीन मजली घरांची रांग, आणि त्या रांगेनं आमचं सगळं ऊन खाल्लेलं. आमच्याकडे, पृथ्वीच्या या दक्षिणेकडच्या टोकाला, ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे जिथे टोमॅटो व्हायचे तिथे आता शेवाळ धरलं होतं. मला भिंत दिसणार नाही असं दाट कुंपण हवं होतं, झाडांचं, आणि लवकर.

वेंडीनं बांबू दाखवला. मेरेआनाला तो चालणार नव्हता. बांबूच्या पानांचा आवाज म्हणजे कुणीतरी सतत कुजबुजतंय असं तिला वाटतं. मग वेंडीनं विचारलं की पाया हद्दीपासून किती लांब आहे, छपराचं पाणी कुठे पडतं, दोन घरांमधल्या बोळातून वारा कसा येतो. शेवटी तिनं ग्रिसेलिनियाची रोपं काढली. आमच्या या हट खोऱ्यात ज्याला काही सुचत नाही तो ग्रिसेलिनिया लावतो. जाड, गुळगुळीत, हिरवी पानं, आणि सावलीतही तग धरणारं झाड.

"एक लक्षात ठेव केल्विन," ती म्हणाली. "झाड उजेडाकडे झुकतं. तिकडे भिंत आहे, उजेड तुझ्या बागेच्या बाजूनं येणार. म्हणजे ही सगळी तुझ्या अंगावर येतील. तेवढी छाटत राहा, बाकी त्यांना काही नको."

मी मान डोलावली. यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

२

कुंपणाची घाई का होती ते सांगायला हवं.

आमचा रेवी पाच वर्षांचा व्हायच्या आधी गेला. आमच्याकडे मूल पाचव्या वाढदिवसानंतर लगेच शाळेत जातं, मग वर्षाचा कुठलाही महिना असो. त्याचं दप्तर खुंटीला लावून झालं होतं. ताप आला, दुसऱ्या दिवशी मान वळेना, आणि मग काहीच करायचं उरलं नाही. याला आता कितीतरी वर्षं झाली. लोकांना वाटतं की एवढ्या वर्षांनी ते जरा बोथट होत असेल. मला विचाराल तर नाही होत.

मेरेआनाच्या माणसांत, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांत, बाळाची वार जमिनीत पुरतात आणि तिथं झाड लावतात. बाळाला त्याची जागा कळावी म्हणून. रेवीची वार आम्ही परसाच्या कडेला पुरली होती आणि वर पिवळ्या फुलांचा कोफाय लावला होता. रेवी गेला आणि कोफाय वाढत राहिला. मेरेआना त्याच्याखाली बसून वाटाणे सोलायची, फोनवर बहिणीशी भांडायची, गप्प बसायची. मी तिला कधी विचारलं नाही की तिथं तिला काय वाटतं. झाड होतं तोवर ती बरी होती.

मग शेजारचा म्हातारा वारला, त्याच्या वारसांनी जागा विकली, आणि मोजणीवाला आला. आमच्या नायनाय वस्तीतली ही सगळी सरकारनं बांधलेली जुनी घरं. कुंपणं कुणी घातली, कशावरून घातली, कुणालाच ठाऊक नाही. आमचं कुंपण मुळातच चुकलेलं निघालं. खरी हद्द आमच्या बाजूला दोन पावलं आत होती आणि कोफाय पलीकडे. यात कुणाचा दोष नव्हता, आणि त्यामुळे कुणावर चिडताही येईना.

वार काढून घेऊया का, असं मी मेरेआनाला विचारलं. ती म्हणाली, "जमिनीला दिलेलं मी परत मागणार नाही." बिल्डरच्या माणसाशी ती झाड ठेवण्याबद्दल बोलली, तो माणूस भला होता, त्यानं वर विचारतो म्हणून सांगितलं. वरून काय उत्तर आलं ते आम्हाला एका सकाळी करवतीच्या आवाजावरून समजलं. कोफाय होता तिथं आता शेवटच्या घराची मागची खोली आहे.

त्यानंतर मेरेआना परसात पाऊल टाकेना. स्वयंपाकघराच्या खिडकीवर तिनं टॉवेल लटकवला. एका संध्याकाळी जेवताना ती शांतपणे म्हणाली, "केल, मला ती भिंत बघवत नाही. तुला झाकता आली तर झाक. वसंत येईपर्यंत बघते. नाहीतर मी रुआतोरियाला बहिणीकडे जाते, कायमची. तुला यायचं तर ये, पण मी तुझ्यासाठी थांबणार नाही."

रुआतोरिया तिचं गाव, तिचे आईवडील तिथल्या मातीत आहेत. माझं तिथं कोण होतं? मी या खोऱ्याबाहेर कधी राहिलेलो नाही. आणि ती गेली तर या घरात दप्तराची खुंटी आणि मी, एवढंच उरणार होतं. ते मला सोसणार नव्हतं.

३

शरद ऋतूत मी रोपं लावली. सुतळी ताणून, पाणसळ धरून, एका रेषेत. बिल्डरनं हद्दीवर फक्त तारेची जाळी उभी केली होती, तिच्या अलीकडे माझी रोपं. बुंध्यांशी सालींचा जाड थर दिला. मेरेआनानं टॉवेलाचा कोपरा उचलून पाहिलं आणि म्हणाली की ही झाडं लष्करात गेली असती तर त्यांना पदक मिळालं असतं. ती बऱ्याच दिवसांनी काहीतरी चेष्टेनं बोलली, म्हणून मला तेवढंही पुरलं.

रोपांनी जोर धरला. हिवाळ्याच्या तोंडाला मी छाटायला गेलो आणि थबकलो. वेंडीच्या हिशेबानं झाडं माझ्याकडे यायला हवी होती. ती तिकडे झुकली होती, भिंतीकडे, अंधाराकडे. जाळीला चिकटून फांद्यांनी पानं पलीकडे वळवली होती आणि आमच्या बाजूनं मला दिसत होत्या त्या पानांच्या फिक्या पाठी.

भिंत पांढरट रंगाची आहे, तिच्यावरून उजेड परावर्तित होत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग दुसरी गोष्ट दिसली. रांगेच्या मधोमध, शेवटच्या घराच्या मागच्या खोलीसमोर, दोन झाडं एकमेकांपासून बाजूला सरली होती. बुंधे माझ्या सुतळीत होते, तिथे चूक नव्हती. पण फांद्या डावीकडच्या डावीकडे आणि उजवीकडच्या उजवीकडे गेल्या होत्या आणि मध्ये एक फट राहिली होती. फार मोठी नाही. माझ्या कमरेच्या खाली, बादली सरकवता येईल एवढी. तिच्या वर आणि खाली पानं दाट होती.

मी फांद्या ओढून बांधल्या. काही दिवसांनी बघतो तर सुतळी शाबूत, गाठ शाबूत, आणि फट तशीच. फांद्या सुतळीतून निघाल्या नव्हत्या; त्यांनी पानं टाकली होती आणि नवी पानं बाजूला फुटली होती.

४

वेंडी म्हणाली की खाली बांधकामाचा चुना असेल. मी ती दोन झाडं काढली, माती बदलली आणि सावलीत फुलणारे कॅमेलिया लावले. कॅमेलिया लागले, कळ्या धरल्या, आणि सगळ्या कळ्या भिंतीकडे. फट पुन्हा तिथंच, तेवढीच. मग मी कॅमेलिया रांगेच्या टोकाला हलवले आणि त्यांच्या जागी तराता या इथल्याच झाडाची मोठी रोपं आणली, चांगली माझ्या खांद्याएवढी, आधीच दाट झालेली. आधाराला दगडासारखी कडक काठी ठोकली. तराताची पानं चुरगळली की लिंबाचा वास येतो. त्या आठवड्यात मला रोज लिंबाचा वास येत होता, जसं काही कुणीतरी सतत पानं चाळवतंय.

आवाजही होता. दुपारी मी शेडमध्ये रंधा मारत असलो की परसातून टक टक यायचं. लोखंडावर काहीतरी हलकं आपटावं तसं. दोनदा, मग थांबून दोनदा. नव्या घरांचे नळ असतील, थंडीनं पाइप आकसत असतील. मी रंधा थांबवून ऐकायचो तोवर ते बंद व्हायचं.

तराताची फट पडली तेव्हा माझं डोकं फिरलं. झाडं असं करत नाहीत. माणसं करतात. आणि या घरात माझ्याशिवाय एकच माणूस होतं.

संशय यायला आणखी एक कारण होतं. खिडकीवरचा टॉवेल गेला होता. मेरेआना दुपारची मागच्या पायरीवर येऊन बसू लागली होती, कोट घालून, मांडीवर भाजीचं भांडं घेऊन. जिला ती भिंत बघवत नव्हती ती नेमकी फटीसमोर बसत होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटत होतं की ती मुद्दाम माझं कुंपण मोडते आहे, म्हणजे वसंत आला की तिला म्हणता येईल, बघ, तुला झाकता आलं नाही.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो की उद्या मी त्या जागी लाकडाची फळी बसवणार आहे, पक्की, वरपासून खालपर्यंत. झाडांना जमत नसेल तर मला जमतं.

तिनं भांडं खाली ठेवलं.

"नको ना," ती म्हणाली. "केल, राहू दे. ही फट तू ठेवलीस ती चांगली ठेवलीस. मी मुद्दामच बोलले नाही. म्हटलं, बोलले तर हा लाजेल आणि बंद करील."

"मी ठेवली?"

"मग कोणी? रोज कात्री घेऊन तिथं कोण असतं?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. बत्तीस दात दिसेपर्यंत हसून खोटं बोलणं तिला जमतं, पण असं साधं खोटं तिला येत नाही. ती खरंच समजून चालली होती की मी तिच्यासाठी तेवढी जागा राखली. आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला कळत गेलं की मी ती राखलेली नाही. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता तो तिथंच राहिला. आम्ही दोघांनीही कुंपणाकडे बघायचं टाळलं.

फळी मी कापली नाही. पण बसवायची नाही असंही म्हणालो नाही.

५

शेवटच्या घरात इसिकेली राहतो. टोंगा बेटांवरचा आहे, बेकरीत पहाटेच्या पाळीला असतो, अंगानं दार भरून टाकेल एवढा आणि आवाज एकदम मऊ. तो जाळीपाशी आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही सुतार ना? माझ्या धुण्याच्या खोलीचं दार लागत नाही. लावलं तरी उघडतं. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला, म्हणतो दारात काही खोट नाही."

नव्या घरांची दारं कशी बसवतात ते मला ठाऊक आहे. मी हत्यारांची पेटी घेतली आणि रस्त्यानं वळसा घालून गेलो. त्या घरात मी पाय ठेवत नव्हतो, हे इसिकेलीला माहीत नव्हतं, आणि मला ते सांगायचं नव्हतं. दुपारचा उजेड होता, स्वयंपाकघरात तो काहीतरी तळत होता, रेडिओ लागला होता. धुण्याची खोली म्हणजे एक अरुंद पट्टा. एका भिंतीला मशीन, दुसऱ्या भिंतीला ड्रायर, आणि समोर बाहेर उघडणारं काचेचं दार, लाकडी चौकटीतलं. त्याच्या पलीकडे जाळी आणि माझी झाडं.

इथून पहिल्यांदा मी त्यांचे चेहरे पाहिले. सगळी पानं या दाराकडे वळलेली होती, वरपासून खालपर्यंत, चकचकीत. कॅमेलियाचं एक फूल उमललं होतं, तेही इकडेच. उभ्यानं बघितलं तर पानांशिवाय काही दिसत नव्हतं. कुंपण म्हणून झकास होतं. आमचं घर पुरतं झाकलं गेलं होतं.

मी ओळंबा सोडला. चौकट सरळ होती. पाणसळीचा बुडबुडा मधोमध. दार लावलं, कडी घातली, ओढून पाहिलं. पक्कं होतं. खालची बिजागरी तपासायला मी गुडघे टेकले आणि एक गुडघा ऊबदार लागला.

हात लावून पाहिला. दारासमोरच्या कोब्याचा एवढासा तुकडा, ताटाएवढा, ऊबदार होता. गरम नव्हे. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखा. बाजूचा कोबा बर्फासारखा गार.

इसिकेली आतूनच म्हणाला की हो काका, तिथं नेहमीच ऊब असते, मी बूट वाळवायला ठेवतो, खालून गरम पाण्याचा पाइप गेला असेल. मी हो म्हणालो. पाइप तिथून जात नाही हे मला भिंतीवरून दिसत होतं. त्या तुकड्याखाली काय आहे हे मला दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त माहीत होतं, कारण तो खड्डा मी स्वतःच्या फावड्यानं खणला होता.

मी मान वर केली. आणि गुडघ्यावर असल्यामुळे मला फट दिसली.

ती नेमकी माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या फटीतून, जणू चौकटीत बसवल्यासारखी, आमची मागची पायरी दिसत होती. पायरीचा लोखंडी कठडा, स्वयंपाकघराचं दार, आणि मेरेआना. कोट घातलेली. बाकी काही नाही, ना छप्पर, ना शेड. फक्त तेवढंच. उभ्या माणसाला ते दिसलं नसतं. ते दिसायला गुडघे टेकायला हवेत, नाहीतर माणूस तेवढा लहान हवा.

इतके दिवस मी समजत होतो की फटीतून आम्हाला ती भिंत दिसते. ती आमच्यासाठी नव्हतीच.

मेरेआनानं भांड्यातून चमचा उचलला आणि कठड्यावर आपटला. दोनदा. थांबून दोनदा. तेव्हा मला आठवलं. कोफायखाली खेळणाऱ्या पोराला ती हाक मारत नसे, म्हणायची घसा का फोडू. चमचा वाजवायची. जेवण झालंय, चल आत. इतक्या वर्षांत हा आवाज मी विसरलो कसा?

काचेवर, माझ्या तोंडाच्या जरा बाजूला, थोडं खाली, धुकं उमटलं. वाटीएवढं. ते विरलं आणि पुन्हा उमटलं. माझा श्वास असणार, दुसरं काय. मी श्वास रोखला. ते विरलं. आणि पुन्हा उमटलं, जरा घाईघाईनं, पळायच्या आधी मुलं घेतात तसं.

पायरीवर मेरेआनानं हात उचलून पंजा उघडला आणि मिटला. तिला मी दिसणं शक्य नव्हतं. काचेत तिला नुसता अंधार दिसत असणार. ती माझ्याकडे बघत नव्हतीच.

मी घातलेली कडी हळूच वर झाली आणि दार बाहेर उघडलं. लिंबाचा वास आत आला. माझ्या गुडघ्याखालचा कोबा गार पडत गेला.

६

इसिकेलीला मी सांगितलं की दार थंडीनं फुगलंय, त्याला हात लावू नये, आपोआप बसेल. तो म्हणाला की मग मांजरं येतील. मी म्हणालो, येऊ देत. त्यानं मला तळलेले केळीचे गोळे बांधून दिले, मावशींना द्या म्हणाला.

घरी आलो तेव्हा मेरेआना स्वयंपाकघरात होती आणि मागचं दार सताड उघडं होतं. एरवी मी ओरडलो असतो की आपण काय सगळ्या खोऱ्याला ऊब पुरवतोय का. आज मी दार तसंच राहू दिलं. तिनं माझ्या पँटीच्या गुडघ्यांवरची धूळ पाहिली आणि विचारलं, "दिसतं ना रे तिथून?"

"दिसतं," मी म्हणालो.

तिनं ओठ घट्ट मिटले, आणि मग ती रडली, आणि मीही. त्या दिवशी आम्ही एकाच गोष्टीसाठी रडलो, बऱ्याच वर्षांनी.

वसंत आला आणि गेला. ती रुआतोरियाला गेली नाही. बहिणीचा फोन येतो, ती विचारते कधी येणार, आपल्या माणसांत कधी राहणार, आईच्या शेजारी तुझी जागा आहे ना इथं. मेरेआना म्हणते, बघू. मग फोन ठेवून ती बराच वेळ खिडकीशी उभी राहते. मला जे हवं होतं ते मिळालं आहे, ती माझ्याजवळ आहे. पण तिला आता कुठेच जाता येणार नाही, आणि मलाही, आणि आम्ही गेल्यावर चमचा कोण वाजवणार हा विचार दोघांच्याही मनात असतो. आम्ही तो एकमेकांना बोलून दाखवत नाही.

कुंपण दाट झालंय. वेंडी येऊन बघून गेली, मधल्या जागेत एक रोप सहज बसेल म्हणाली. मी म्हणालो, पुढच्या वर्षी.

फटीभोवती मी आता स्वतः छाटतो, कडा नीट ठेवतो. या हिवाळ्यात तिच्या खालच्या बाजूला पानं फुटली आहेत आणि वरची गळली आहेत. जागा थोडी वर सरकली आहे. घरातल्या दारांच्या मापापासून शवपेटीच्या मापापर्यंत मी आयुष्यभर सगळं मोजत आलो. हे मी मोजलेलं नाही.